तैयब मेहता यांचा ‘महिषासुर’: आधुनिक चित्रातील प्रतीकार्थाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेत तैयब मेहता (१९२५–२००९) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९९० च्या दशकात त्यांनी रंगविलेल्या ‘महिषासुर’ चित्रमालिकेचा अर्थ बहुधा दोन प्रकारे लावला जातो. एका मतानुसार ती १९४७ च्या हिंसाचाराच्या वैयक्तिक आठवणीची अभिव्यक्ती आहे, तर दुसऱ्या मतानुसार सुष्टाने दुष्टावर मिळविलेल्या विजयाचे आधुनिक चित्रण आहे. हे दोन्ही अर्थ अंशतः ग्राह्य असले तरी अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. चित्राची दृश्यरचना, चित्रकाराच्या प्रतिमासृष्टीचा कालक्रम आणि महिषासुरकथेची बहुविध परंपरा या तिन्हींचा एकत्र विचार केल्यास या प्रतीकाचा अधिक समाधानकारक अर्थ हाती येतो.

बीजसंज्ञा: तैयब मेहता, महिषासुर, प्रतीक, प्रतिमाविद्या, म्हसोबा, फाळणी.

१. प्रस्तावना

चित्र हे इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून तत्कालीन वेशभूषेचा, तर मुघल लघुचित्रांवरून दरबारी जीवनाचा अभ्यास केला जातो. आधुनिक चित्राच्या बाबतीत मात्र अभ्यासक काहीसा अडखळतो. येथे वास्तवाचे हुबेहूब चित्रण नसते. देह मोडलेला असतो, रंग निसर्गाशी इमान राखत नाही आणि आशय प्रतीकांच्या आड असतो. अशा चित्राला कागदपत्रासारखे वाचू गेल्यास ते मूक राहते, आणि कोड्यासारखे सोडवू गेल्यास वाटेल तो अर्थ त्याच्या माथी मारता येतो.

प्रतीकाचा अर्थ लावणे हा केवळ कलासमीक्षेचा प्रांत राहिलेला नाही. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या देवताचित्रांविरुद्ध १९९६ पासून तक्रारी व खटले दाखल झाले. २००६ साली त्यांनी देश सोडला. भारतमातेच्या रूपातील म्हणून ओळखल्या गेलेल्या एका चित्रासंबंधीचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये रद्द केले, तरी ते परतले नाहीत आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चित्रातील आकृतीचा अर्थ कोणी, कशाच्या आधारे ठरवायचा, हा प्रश्न किती दूरगामी ठरू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. म्हणूनच अर्थबोधाची काही शिस्त असणे आवश्यक आहे. ती शिस्त एका विशिष्ट चित्रमालिकेच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत:

१) तैयब मेहता यांच्या चित्रांतील बैल व महिष या प्रतिमांचा कालक्रमानुसार मागोवा घेणे.
२) महिषासुरकथेच्या ग्रंथ, शिल्प व लोकपरंपरेतील रूपांशी ‘महिषासुर’ मालिकेची तुलना करणे.
३) या मालिकेच्या प्रचलित अर्थांची मर्यादा दाखवून पर्यायी अर्थ मांडणे.

पद्धतीच्या दृष्टीने कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३९ साली मांडलेली त्रिस्तरीय विभागणी उपयुक्त ठरते. पहिल्या स्तरावर चित्रात प्रत्यक्ष काय दिसते याची नोंद घ्यावयाची, दुसऱ्या स्तरावर त्यातील कथा व संकेत ओळखावयाचे आणि तिसऱ्या स्तरावर त्या चित्रातून व्यक्त होणारी कालखंडाची जाणीव शोधावयाची. ही पद्धती मुख्यतः युरोपीय प्रबोधनकालीन चित्रांसाठी घडविली गेली. त्या काळी चित्रकार व प्रेक्षक यांच्यात संकेतांचा सामायिक कोश होता. आधुनिक चित्रकार तो कोश वापरतो तसा मोडतोही. त्यामुळे येथे पहिल्या स्तराला, म्हणजे रेषा, रंग व रचना यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. संकेत कोणता आहे याइतकेच तो कसा बदलला आहे, हेही पाहावे लागते.

३. चित्रकाराची जडणघडण

तैयब मेहता यांचा जन्म २६ जुलै १९२५ रोजी गुजरातमधील कपडवंज येथे दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. त्यांचे बालपण व उर्वरित आयुष्याचा बराच भाग मुंबईत गेला. चित्रपटक्षेत्रात संकलनाचे प्राथमिक काम केल्यानंतर ते सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि १९५२ साली त्यांनी तेथील पदविका मिळविली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या सहा कलावंतांनी १९४७ साली स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा निकटचा संबंध आला. १९५९ ते १९६४ या काळात त्यांचे वास्तव्य लंडनमध्ये होते. १९६८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यास ते शांतिनिकेतन येथे निवासी कलावंत म्हणून राहिले. २००७ साली त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला आणि २ जुलै २००९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील एक घटना त्यांच्या चित्रांसंबंधीच्या जवळजवळ प्रत्येक लेखनात येते. १९४७ च्या दंगलीच्या काळात मुंबईतील महंमद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाने ठार मारताना पाहिले. त्या दृश्याचा धक्का इतका तीव्र होता की कित्येक दिवस ते तापाने अंथरुणाला खिळून होते. ही आठवण त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे. त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या वापराचा. पुढील अर्धशतकातील प्रत्येक मोडलेला देह त्या एका खिडकीपाशी नेऊन बांधला, तर चित्रांचा अभ्यास संपतो आणि केवळ चरित्र उरते.

४. बांधलेला बैल ते महिष: प्रतिमेचा कालक्रम

पायबंद घालून आडवा पाडलेला बैल ही तैयब यांच्या चित्रांतील सर्वांत जुन्या प्रतिमांपैकी एक होय. १९५६ सालचे ‘ट्रस्ड बुल’ हे चित्र त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कत्तलीपूर्वी बैलाचे पाय एकत्र बांधले जातात आणि एरवी प्रचंड शक्तीचे असलेले जनावर मांसाच्या गोळ्यासारखे जमिनीवर पडते. हे दृश्य त्यांनी मुंबईच्या कत्तलखान्यात पाहिले होते. या काळात ते पॅलेट नाइफने रंगाचे जाड थर देत. त्या खरबरीत पोतामुळे जनावराचा देह जड आणि वेदनामय वाटतो. येथील बैल हा निःसंशय बळी आहे. मात्र तो दुबळा बळी नाही. अडविली गेलेली शक्ती हा त्या प्रतिमेचा गाभा आहे, असे चित्रकाराच्या स्वतःच्या विवेचनावरूनही दिसते.

हीच प्रतिमा १९७० साली त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘कूडल’ या लघुपटात पुन्हा आली. कूडल या तमिळ शब्दाचा अर्थ संगम किंवा मीलन असा होतो. या लघुपटात वांद्रे येथील कत्तलखान्याची दृश्ये शहरातील मानवी गर्दीच्या दृश्यांसोबत येतात. माणूस आणि जनावर यांच्यातील सीमारेषा पुसट होण्याची प्रक्रिया येथे स्पष्ट दिसते. चित्रपटास समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

दरम्यान चित्रभाषेत मूलगामी बदल झाला होता. न्यूयॉर्कमधील वास्तव्यात बार्नेट न्यूमन यांच्यासारख्या चित्रकारांची विशाल, सपाट रंगक्षेत्रे त्यांनी पाहिली. परतल्यावर जाड थर नाहीसे झाले. त्यांच्या जागी छायाप्रकाशविरहित सपाट रंग आणि नेमकी बाह्यरेषा आली. १९६९ च्या सुमारास कॅनव्हास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत छेदणारी तिरकी रेषा त्यांच्या चित्रांत अवतरली. ‘डायगोनल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेत एकच देह त्या रेषेच्या दोन बाजूंना विभागला जातो आणि त्याचे भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

या बदलाचे महत्त्व केवळ शैलीपुरते नाही. पूर्वीच्या चित्रात वेदना रंगाच्या पोतातून, म्हणजे हाताच्या आवेगातून व्यक्त होई. आता ती रचनेतून व्यक्त होऊ लागली. पृष्ठभाग शांत आणि रचना हिंसक, असा विरोध निर्माण झाला. प्रेक्षकाच्या डोळ्यांना रंग सुखावतो आणि त्याच क्षणी देह मोडलेला असल्याचे ध्यानात येते. पुढे ही तिरकी रेषा वेगळी दाखविण्याची गरज उरली नाही. हात, पाय, मान यांच्या कोनांतून ती देहातच मुरली.

शांतिनिकेतनमधील वास्तव्यानंतर १९८६–८७ साली त्यांनी चरक उत्सवाशी निगडित ‘शांतिनिकेतन’ हे त्रिदल चित्र रंगविले. बळी, उत्सव आणि समूह यांचा परस्परसंबंध हा तेथून त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काली आणि १९९० च्या दशकात महिषासुर त्यांच्या चित्रांत आले.

हा कालक्रम मांडल्यावर एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. १९५६ पासून ज्या चित्रकाराने बांधलेले जनावर बळी म्हणून रंगविले, त्याने चार दशकांनंतर शिंगे असलेले जनावर असुर म्हणून रंगवावे, याचा अर्थ काय? जनावराची बाजू बदलली, की असुराची?

येथे एक आक्षेप संभवतो. बैल आणि रेडा ही भिन्न जनावरे आहेत आणि भारतीय परंपरेत त्यांचे प्रतीकार्थही भिन्न आहेत. एक शिवाचे वाहन, तर दुसरे यमाचे. तेव्हा एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादणे योग्य नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथील साम्य नावावरून नव्हे, तर दृश्यरूपावरून सिद्ध होते. मागे वळलेली मान, शिंगांचा चंद्राकृती आकार, एकमेकांत अडकलेले अवयव आणि प्रचंड शक्ती अडविली गेल्याचा भास ही वैशिष्ट्ये बांधलेल्या बैलाकडून महिषाकडे सरळ आलेली आहेत. संकेत भिन्न असले तरी चित्रकाराची दृश्यस्मृती एकच आहे.

५. महिषासुरकथेची परंपरा

मार्कंडेय पुराणातील ‘देवीमाहात्म्य’ हा महिषासुरवधाचा सर्वाधिक प्रमाण मानला जाणारा ग्रंथभाग आहे. देवांच्या एकत्रित तेजातून देवी प्रकट होते. महिषासुर तिच्याशी लढताना महिष, सिंह, खड्गधारी पुरुष, हत्ती अशी रूपे बदलतो आणि पुन्हा महिष होतो. देवी त्याला पायाखाली दाबून शूलाने विंधते, तो महिषाच्या मुखातून अर्धवट बाहेर येतो आणि त्याच अवस्थेत तिच्या खड्गाने मारला जातो. या कथेत असुराचे रूप स्थिर नाही, तो अखेरच्या क्षणीही दोन रूपांच्या मध्ये आहे, ही बाब लक्षणीय आहे.

मात्र ही कथेची एकमेव परंपरा नव्हे. महाभारताच्या वनपर्वात महिषाचा वध देवी करीत नाही, तर स्कंद करतो. देवीभागवतात महिषासुर देवीकडे विवाहाचा प्रस्ताव पाठवितो. कालिकापुराणात तर तो देवीच्या चरणांशी कायम राहण्याचा व तिच्यासोबत पूजा मिळण्याचा वर मागतो आणि देवी तो देते. म्हणजेच वैर, आसक्ती आणि शरणागती हे तिन्ही भाव या कथेच्या ग्रंथपरंपरेतच आहेत.

शिल्पपरंपरेतही असेच वैविध्य आढळते. कुषाणकालीन मथुरा शिल्पांत देवी महिषाला जवळ ओढून हातांनी दाबते. तेथे युद्धापेक्षा अंगझटीचा भास अधिक होतो. विदिशेजवळील उदयगिरी येथील सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात गुप्तसंवत् ८२, म्हणजे इ. स. ४०१–०२ चा लेख आहे आणि तेथे देवी बहुभुजा आहे. सातव्या शतकातील मामल्लपुरम् येथील प्रसिद्ध शिल्पपटात सिंहारूढ देवी धनुष्य घेऊन चालून येते, तर मानवी देहाचा आणि महिषमुखाचा असुर हातात गदा घेऊन तिरका झुकून मागे सरतो. तेथे वध अद्याप झालेला नाही आणि असुराला पराभवातही एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. पुढील मध्ययुगात महिषाच्या छिन्न कंठातून बाहेर पडणारा मानवरूप असुर रूढ झाला. बंगालच्या दुर्गापूजेतील मूर्तींनी तेच रूप लोकप्रिय केले.

महाराष्ट्रात या परंपरेला आणखी एक पदर आहे. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी रूपात आहे. सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी महिषाचे पाषाणशिर दाखविले जाते. आणि त्याच वेळी गावोगावच्या शिवारांत शेंदूर लावलेला म्हसोबा हा शेताचा राखणदार म्हणून पुजला जातो. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात म्हसोबाचा संबंध बळीराजाच्या राज्यातील ‘महासुभा’ या अधिकाऱ्याशी जोडला. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकते की नाही हा वेगळा प्रश्न आहे. परंतु जो विजेत्यांच्या कथेत राक्षस आहे तो जित समाजाच्या स्मरणात रक्षक असू शकतो, हे सूत्र त्यांनी प्रथम ठामपणे मांडले. पुढे दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात म्हसोबा व महिषासुर यांच्या संबंधाचा प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीच्या आधारे विचार केला. एके ठिकाणी ज्याचा देवी वध करते, तोच दुसरीकडे तिचा जोडीदार म्हणून पुजला जातो, या विसंगतीत त्यांना भिन्न उपासकसमूहांच्या संघर्षाचा आणि समन्वयाचा इतिहास दिसला.

अलीकडच्या काळात हा वाद पुन्हा पुढे आला. झारखंड व पश्चिम बंगालमधील असुर समाजात महिषासुराला पूर्वज मानण्याची परंपरा आहे. २०११ पासून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी महिषासुराचे स्मरण करणारे कार्यक्रम केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याचे पडसाद संसदेत उमटले. महिषासुर हे निश्चित अर्थाचे चिन्ह नसून वादग्रस्त अर्थाचे क्षेत्र आहे, याचा हा पुरावा होय.

६. ‘महिषासुर’ मालिकेची दृश्यरचना

या पार्श्वभूमीवर तैयब यांच्या चित्रांकडे वळल्यास काही गोष्टी ठळकपणे जाणवतात.

पहिली गोष्ट म्हणजे वगळलेले तपशील. मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यापासून देवतांची जी छापील चित्रे घरोघर पोहोचली, त्यांत अलंकार, आयुधे, वाहन आणि पार्श्वभूमी यांची रेलचेल असे. त्या तपशिलांमुळेच देव कोण आणि दानव कोण हे पाहणाऱ्याला तत्काळ कळे. तैयब यांच्या चित्रात देवगण नाहीत, रणभूमी नाही आणि कथेचा पसारा बहुतांशी गळून पडला आहे. उरले आहेत ते रंगाच्या सपाट अवकाशात एकमेकांना भिडलेले दोन देह. ओळखीच्या खुणा कमी झाल्या की निवाड्याची सोयही कमी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे देहांची गुंतागुंत. बाह्यरेषा स्पष्ट असूनही कोणता अवयव कोणाचा, हे पाहणाऱ्याला थांबून ठरवावे लागते. देवीचा हात जेथे संपतो तेथून महिषाची मान सुरू होते, आणि वधाची पकड व आलिंगन यांत फरक करणे कठीण जाते. पारंपरिक मूर्तीत वर देवी आणि खाली असुर अशी उतरंड असते. येथे ती उतरंड ढळते. दोघांना एकच लय आहे आणि दोघेही त्याच वेगाने फिरत आहेत.

तिसरी गोष्ट रंगासंबंधीची आहे. लोकप्रिय चित्रांत देवी उजळ आणि असुर काळाकुट्ट असतो. रंगाची ही वाटणी नैतिक वाटणीच असते. सपाट रंगयोजनेत रंगक्षेत्रे देहाच्या आतून आरपार जातात. एकाच आकृतीचे दोन भाग दोन रंगांचे होऊ शकतात, आणि एकच रंग दोन आकृतींना जोडू शकतो. परिणामी रंगावरून पक्ष ओळखण्याची सवय निरुपयोगी ठरते.

या रूपाचा पूर्वसूरींशी थेट ऋणानुबंध होता, असा दावा येथे केलेला नाही. मात्र जवळ ओढून धरण्याची मथुरेची तऱ्हा आणि मानवी देहाच्या महिषाचा मामल्लपुरमचा तिरका झोक या दोन शक्यता परंपरेत होत्या, आणि छिन्न कंठातून निघणारा पराभूत असुर ही अधिक प्रचलित शक्यता होती. तैयब यांचे चित्र पहिल्या दोहोंच्या जवळ जाते आणि तिसऱ्यापासून दूर राहते, एवढे निश्चित म्हणता येते.

७. प्रचलित अर्थांची चिकित्सा

सुष्टाचा दुष्टावरील विजय हा अर्थ या दृश्यरचनेशी जुळत नाही. विजयाच्या चित्रात विजेता आणि पराजित वेगळे दिसावे लागतात. येथे ते वेगळे होत नाहीत.

केवळ फाळणीच्या आठवणीचा अर्थही पुरेसा ठरत नाही. १९४७ च्या त्या प्रसंगात मारणारे अनेक होते आणि मरणारा एकटा होता. चित्रकार हा लांबून पाहणारा साक्षीदार होता. ‘महिषासुर’ चित्रांत जमाव नाही, आणि मारणारा व मरणारा यांच्यात अंतर नाही. आठवणीतून चित्र निघाले असे मानले, तरी वाटेत त्या आठवणीचे रूपांतर झाले आहे. त्या रूपांतरातच चित्राचा अर्थ आहे.

काही अभ्यासक १९९२–९३ च्या मुंबईतील दंगलींकडे निर्देश करतात. हा काळ आणि मालिकेचा काळ जवळचा आहे हे खरे, आणि दंगलीने चार दशकांपूर्वीची जखम उघडी केली असणे संभवनीय आहे. परंतु कालसान्निध्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. चित्रात घटनेची खूण नसताना तिचे नाव चित्राला चिकटविणे धोक्याचे असते.

चौथा अर्थ बाजाराने दिलेला आहे. २००२ साली ‘सेलिब्रेशन’ हे त्यांचे त्रिदल चित्र ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना विकले गेले. सप्टेंबर २००५ मध्ये १९९७ सालच्या ‘महिषासुर’ला न्यूयॉर्क येथे सुमारे १५.८ लाख डॉलर मिळाले आणि समकालीन भारतीय चित्राने प्रथमच दहा लाख डॉलरची सीमा ओलांडली. एप्रिल २०२५ मध्ये १९५६ सालचा ‘ट्रस्ड बुल’ ६१.८ कोटी रुपयांना गेला. या आकड्यांमुळे चित्र सर्वतोमुखी झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु किमतीच्या चर्चेत प्रतीकाची चर्चा मागे पडली. आयुष्याचा बराच काळ आर्थिक ओढाताणीत काढलेल्या, अत्यल्प चित्रे पुरी करणाऱ्या आणि न पटलेली चित्रे नष्ट करणाऱ्या चित्रकाराच्या वाट्याला हे यावे, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

८. पर्यायी अर्थ

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की ‘महिषासुर’ मालिकेचा विषय वध हा नसून वध करणारा आणि वध्य यांचे नाते हा आहे. बांधलेल्या बैलात हिंसा सोसणारा एकटा होता आणि हिंसा करणारा चित्राबाहेर होता. ‘डायगोनल’मध्ये हिंसा रेषेच्या रूपाने चित्रात आली, पण तिला चेहरा नव्हता. कालीच्या चित्रांत तिला मुख मिळाले. उघड्या जबड्याची ती देवता एकाच वेळी भयप्रद आणि पूज्य आहे. ‘महिषासुर’मध्ये हिंसा करणारी व सोसणारा प्रथमच समोरासमोर, समान मोठेपणाने आणि एकाच लयीत गुंफले गेले. कालक्रमाच्या या पायऱ्या पाहिल्या असता, चित्रकाराने पुराणकथा सजावटीसाठी उसनी घेतली नसून स्वतःच्या चित्रभाषेतील प्रश्न सोडविण्यासाठी ती त्याला आवश्यक झाली, असे दिसते.

असुराला बळीचे सगळे गुण देऊनही तैयब त्याला निष्पाप ठरवीत नाहीत, आणि देवीला वध करताना दाखवूनही तिला दोषी धरत नाहीत. फुल्यांनी कथा उलटवून असुराची बाजू घेतली, तर कोसंबींनी कथेमागील समाजसंघर्ष उकलला. तैयब यांची वाट या दोहोंहून निराळी आहे. ते निवाडा स्थगित करतात. मोहल्ल्यात मारला गेलेला तरुण आणि त्याला मारणारा जमाव यांतील कोणत्याही एकाच्या धर्माचे नाव सांगून ज्याचा प्रश्न सुटला नाही, अशा कलावंताने पत्करलेली ही वाट आहे. ती तटस्थता नव्हे. मारणाऱ्याला संपूर्ण परका ठरविल्याशिवाय हिंसा शक्य होत नाही, आणि चित्राची रचना नेमके ते परकेपणच नाकारते.

९. निष्कर्ष

१) ‘महिषासुर’ मालिकेतील महिष ही प्रतिमा १९५६ पासूनच्या बांधलेल्या बैलाच्या प्रतिमेशी दृश्यरूपाने जोडलेली आहे. त्यामुळे पुराणातील असुराला बळीचा आशय प्राप्त झाला आहे.

२) महिषासुरकथेची ग्रंथ, शिल्प व लोकपरंपरा एकार्थी नाही. वैर, आसक्ती, शरणागती आणि उपासना हे सर्व भाव तीत आढळतात. आधुनिक चित्रकाराने परंपरा मोडली असे म्हणण्यापेक्षा तिच्यातील कमी रुळलेल्या शक्यता निवडल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

३) चरित्रातील घटना चित्राची प्रेरणा असू शकते, पण ती त्याचा अर्थ नव्हे. प्रतीकाचा अर्थ रेषा, रंग व रचना यांच्या साक्षीने पडताळून पाहावा लागतो.

४) देवी व असुर यांच्या देहांची गुंफण, उतरंडीचा अभाव आणि रंगाच्या नैतिक वाटणीस दिलेला नकार या तीन घटकांमुळे ही मालिका विजयाचे नव्हे, तर हिंसेतील परस्परबद्धतेचे चित्रण ठरते.

५) इतिहासाच्या अध्यापनात आधुनिक चित्रांचा साधन म्हणून उपयोग करताना प्रथम निरीक्षण, नंतर संकेतांची ओळख आणि अखेरीस कालखंडाशी सांधा हा क्रम पाळावा. क्रम उलटा झाला तर चित्र आपल्या पूर्वग्रहाचे केवळ उदाहरण होऊन बसते. देवताप्रतिमांच्या अर्थावरून समाजात वारंवार वाद उद्भवत असताना हा क्रम विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविणे ही महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी ठरते.